दुधातले औषध उजेडात आणणारा संवेदक

मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, पण बालाघाटच्या या माथ्यावर पाणी फार काळ टिकत नाही. पावसाने ओढ दिली की अनेक घरांचा रोजचा खर्च दुधावर भागतो. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, मोजून दर ठरतो. त्या दुधात प्रतिजैविक उतरले आहे का, हे मात्र ही मोजणी सांगत नाही.

गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाला की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात किंवा इंजेक्शन देतात. उपचार गरजेचाच असतो, पण त्यानंतर ठरावीक काळ त्या गाईचे दूध विकायचे नसते. हे पथ्य मोडले तर एका गाईचे दूध अख्खा टँकर बिघडवू शकते. उकळूनही औषध पूर्ण नष्ट होत नाही. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. त्याहून मोठे संकट म्हणजे औषधाच्या अल्प मात्रेला सरावलेले जिवाणू पुढे माणसाच्या आजारातही त्या औषधाला दाद देत नाहीत.

जनावरांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधांत टेट्रासायक्लीनचे कुळ येते. त्यातले पहिले, ऑरिओमायसिन, १९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून जगापुढे आले. तिथल्या संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लिटरभर दुधात या कुळाची औषधे १०० मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतात, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. मोठ्या प्रयोगशाळेतली यंत्रे एवढे अचूक मोजतात, पण ती महाग असतात आणि नमुना शहरात जाऊन अहवाल येईपर्यंत दूध पिऊन झालेले असते.

ही उणीव प्रतिदीप्तीवर चालणारे रासायनिक संवेदक भरून काढू शकतात. काही पदार्थ अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. या गुणाला, म्हणजे प्रतिदीप्तीला, जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये नाव दिले. युरोपियम धातूचा आयन एकटा असताना फार मंद चमकतो. टेट्रासायक्लीनचा रेणू त्याला धरतो, अतिनील प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा त्याच्याकडे सोपवतो. मग युरोपियम ६१५ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकू लागतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांचे उलट आहे. त्यांची निळी चमक या औषधामुळे मंदावते. दोन्ही एकत्र वापरले की औषध वाढेल तसा रंग निळ्याकडून लालकडे सरकतो. तो डोळ्यांना दिसतो आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोजताही येतो.

दूध मात्र अवघड नमुना आहे. त्यातली चरबी आणि केसीन प्रकाश विखुरतात, कॅल्शियम टेट्रासायक्लीनला बांधून ठेवते. म्हणून आधी आम्ल घालून प्रथिने वेगळी करावी लागतात. शिवाय युरोपियमची ही खूण पेनिसिलिनसाठी चालत नाही. औषधांच्या प्रत्येक कुळासाठी वेगळा संवेदक लागतो आणि संशयित नमुन्याची खात्री प्रयोगशाळेतच करावी लागते.

तरीही चाळणी लावायची तर ती गावातच, दूध टँकरमध्ये मिसळण्याआधी लागली पाहिजे. त्यासाठीचा अतिनील दिवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत बहुधा असतोच. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी आणि दूध संस्थांनी मिळून ही तपासणी हाती घ्यावी. दूध उत्पादकांनीही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पाळावेत आणि तेवढे दूध कॅनबाहेर ठेवावे.