इटलीत जाताय? कॅसिनोला उतराच!

रोम–नेपल्स रेल्वेमार्गावर कॅसिनो लागतं. वर डोंगरावरचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. आज दिसतो तो नंतर पुन्हा उभारलेला. बहुतेक पर्यटक तेवढा बघून परततात. पण खाली राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी आहे, ती चुकवू नका. हिरव्या संगमरवराच्या उंच स्तंभांवर, ज्यांची कबर सापडत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कोरली आहेत.

त्यात आपल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आहेत! पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर खोऱ्यात, सोबतचे सगळे पडल्यावर हा बावीस वर्षांचा गडी एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढला. मोर्चा जिंकला आणि तिथेच गोळ्या लागून पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्याच माँतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं.

पुढे उत्तरेला फोर्लीचीही भारतीय युद्धस्मशानभूमी बघा. अग्निसंस्कार झालेल्या जवानांची नावं तिथे वेगळ्या स्मारकावर आहेत. घरातलं, गावातलं कुणी इटलीतल्या त्या लढाईत गेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आधी शोधून ठेवा. स्तंभ नेमका कोणता, ते तिथे कळतं.