अफूचे तह : माळव्यापासून हेगपर्यंत

अफूच्या व्यापारास राष्ट्राराष्ट्रांतील करारांनीं आळा घालण्याचा इतिहास बहुतेक ग्रंथकार १९०९ च्या शांघाय परिषदेपासून सांगूं लागतात. त्या वर्षीं फेब्रुवारींत तेरा राष्ट्रांचे प्रतिनिधि तेथें जमले, आणि त्या परिषदेच्या विचारांतूनच पुढें २३ जानेवारी १९१२ चा हेगचा करार निघाला, हें खरें. तथापि तहाच्या कलमांनीं अफू रोखून धरण्याचा एक मोठा प्रयोग त्यापूर्वीं ऐशींहून अधिक वर्षें माळव्यांत होऊन गेला होता, आणि त्यांत एका बाजूस होळकर व शिंदे यांचे दरबार होते. महसुलाची किरकोळ बाब म्हणून बाजूस सारावें असें हें प्रकरण नाहीं.

बंगाल-बिहारकडील अफूचा मक्ता कंपनीच्या हातीं असून तो माल कलकत्त्यास लिलावानें विकला जात असे. माळव्याची अफू मात्र संस्थानांतून पिके; चीक सावकार खरेदी करीत, आणि तयार माल पेट्यांत भरून पश्चिम किनाऱ्याकडे रवाना होई. ही स्पर्धा मोडण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच कंपनीनें मुंबईहून या मालाची निर्गत बंद केली. परिणाम इतकाच झाला कीं माल पोर्तुगिजांच्या दमण बंदराकडे वळला. मुंबईंत पेढी असलेला गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया हा या दमणच्या व्यापारांतील एक प्रमुख पुरुष होय.

६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीनें त्यावर विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांनीं सही केली. यानंतर कंपनीनें प्रथम स्वतःच माळव्यांत अफू खरेदी करून पाहिली. त्यानें भाव चढले, लागवड वाढली, आणि दमणचा व्यापार कांहीं थांबला नाहीं. तेव्हां १८२४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत होळकर, कोटा, बुंदी, उदेपूर इत्यादि दरबारांशीं अफूपुरते निराळे करारमदार झाले. लागवडीस मर्यादा घालावी, माल ठरल्या दरानें कंपनीच्या एजंटास द्यावा, वाटेनें जाणारी चोरटी अफू पकडावी, आणि या मोबदल्यांत दरबारास नुकसानभरपाई मिळावी, असा त्यांचा सर्वसाधारण आशय होता.

शिंद्यांनीं या व्यवस्थेस मान्यता दिली नाहीं, आणि सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली येथें आहे. उज्जैनसारखें व्यापाराचें ठाणें त्यांच्या मुलुखांत होतें. तेथून माल मारवाडांतील पालीस, पालीहून जेसलमेरच्या वाळवंटांतून कराचीस, आणि कराचीहून समुद्रमार्गें दमणास जाऊं लागला. एवढा वळसा घेऊनहि व्यापाऱ्यास नफा उरे! करार केलेल्या संस्थानांत मात्र झडत्या, जप्त्या व तंटे यांनीं रयत आणि सावकार दोघेहि त्रासले. अखेर १८२९ मध्यें कंपनीनें ही व्यवस्था सोडून दिली, आणि १८३० पासून परवान्याची पद्धति आली. दर पेटीस १७५ रुपये भरून परवाना घ्यावा व माल उघडपणें मुंबईस आणावा, अशी ही तोड होती. पेटींत अफू सुमारें १४० पौंड असे.

या परवान्याच्या दराचा चढउतार लक्षांत घेण्यासारखा आहे. १८३५ मध्यें तो १२५ पर्यंत उतरवावा लागला, कारण कराचीची वाट अद्याप खुली होती. १८४३ मध्यें सिंध इंग्रजांच्या घशांत गेला, ती वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत दर ४०० वर पोहोंचला. दर ठरविणारा खरा अधिकारी कलकत्त्यास नसून वाळवंटांतील उंटाच्या भाड्यांत होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पोर्तुगिजांची उरलीसुरली मोकळीक १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानें बांधली गेली.

येथवर या करारमदारांत नीतीचा प्रश्न नव्हता. प्रश्न फक्त पैशाचा होता. १८९३ च्या शाही कमिशनावर दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वरसिंह आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास हे दोन हिंदी सभासद होते. कमिशनानें एकंदरींत सरकारच्या धोरणाची पाठराखण केली. चित्र पालटलें तें १९०६ मध्यें. ब्रिटिश कॉमन्स सभेनें हा व्यापार नीतीस सोडून असल्याचा ठराव केला, आणि चीनच्या बादशहानें दहा वर्षांत अफू बंद करण्याचें फर्मान काढलें. दुसऱ्या वर्षीं हिंदुस्थानांतून होणारी निर्गत दरसाल ५,१०० पेट्यांनीं कमी करण्याचें ठरलें. त्याच १९०७ सालच्या अंदाजपत्रकावर बोलतांना पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं, चिनी लोकांच्या अधःपातावर उभ्या असलेल्या या उत्पन्नाची आपणांस नेहमीं शरम वाटत आली आहे, असें कायदेकौन्सिलांत स्पष्ट सांगितलें. तिजोरीच्या तुटीची धास्ती ज्या सभेंत होती, तेथें हें बोलणें सोपें नव्हतें.

आतां हेगचा करार पाहावा. ज्या देशानें कच्च्या अफूची आयात बंद केली त्या देशाकडे ती जाऊं देऊं नये, असें त्याचें एक कलम आहे. परंतु बारा राष्ट्रांनीं सह्या केल्या तरी गैरहजर राष्ट्रांच्या सह्या मिळेपर्यंत तो सर्वत्र अमलांत यावयाचा नव्हता; जर्मनीचा तसा विशेष आग्रह होता. याचें कारण माळव्याच्या अभ्यासकास समजावून सांगावें लागत नाहीं. एक दरबार बाहेर राहिला, एक दमण मोकळें राहिलें, कीं इतरांचे करार कागदावर राहतात. १९१९ च्या व्हर्सायच्या तहांत हेगचा करार गोंवला गेला, तेव्हां कोठें तो सर्वत्र लागूं झाला.

हिंदुस्थानच्या वतीनें हेगला बोलणारे इंग्रज सरकार होतें. इंदूर वा ग्वाल्हेर यांस तेथें आसन नव्हतें. चीनकडे होणारी निर्गत मात्र १९१३ मध्येंच थांबली, आणि तिच्याबरोबर माळव्याच्या पेढ्यांचा एक शंभर वर्षांचा धंदाहि बुडाला.

त्या पेढ्यांची बाजू सरकारी दप्तरांत मिळावयाची नाहीं. ती मोडी रुमालांत शोधली पाहिजे. संग्राहकांस एवढीच सूचना कीं इंदूर, उज्जैन, मंदसोर येथील कागदांत केवळ ‘अफू’ शब्द शोधूं नये. ‘अफीण’, ‘अफीम’ आणि क्वचित् ‘अहिफेन’ हीं रूपेंहि पाहावीं. यांतील शेवटचें संस्कृत दिसत असलें तरी अरबी ‘अफ्यून’ शब्दास चढविलेला तो सोवळ्याचा वेष आहे. पेट्यांच्या संख्येशेजारीं परवान्याची रक्कम, पालीवरील हुंडी किंवा उंटांचें भाडें नोंदलेलें आढळल्यास तो कागद, कितीहि जीर्ण असो, रद्दींत जाऊं देऊं नये.