रिलीजआधीची यादी

सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी एक काम उरतं आणि आमच्या टीममध्ये ते माझ्याकडे येतं: आत बाहेरचा कोड कुणाकुणाचा आहे आणि कोणत्या अटींवर घेतलाय, हे तपासायचं. डेव्हलपर दहा-बारा लायब्रऱ्यांची नावं सांगतात. त्या लायब्रऱ्यांनी मागून ओढून आणलेल्या धरल्या की आकडा शेकड्यांत जातो. स्कॅनकोडसारखं टूल सगळ्या फाइली चाळून देतं, पण निर्णय देत नाही. पॅकेजच्या माहितीत ‘एमआयटी’ आणि आतल्या फाइलच्या माथ्यावर भलताच परवाना, असं निघालं की स्वतःच वाचत बसावं लागतं.

यादीत जीपीएल, म्हणजे सोर्स कोड खुला करायला लावणारा परवाना, दिसलं की लगेच मीटिंग लागते. भीती अनाठायी नाही. २००३ साली लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स असल्याचं बाहेरच्या प्रोग्रामरांनी हुडकलं, तेव्हा कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. राउटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी त्यातूनच उभं राहिलं.

सगळ्यात जपून बघते ते एफएफएमपेग. व्हिडिओचं काम आलं की ते येतंच. साधं बिल्ड केलं तर ते एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडाखाली असतं. वेगळ्या डीएलएलमध्ये ठेवून त्याच आवृत्तीचा सोर्स, परवान्याची प्रत आणि उल्लेख दिला की बहुधा निभावतं. पण एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर जोडायचा तर बिल्ड करताना ‘इनेबल-जीपीएल’ द्यावं लागतं, आणि मग सगळंच जीपीएलखाली जातं. ‘इनेबल-नॉनफ्री’ दिलं तर ती बायनरी दुसऱ्याला देताच येत नाही. फाइलचं नाव मात्र तिन्ही वेळा तेच! कुणी तयार बायनरी उतरवून घेतली असेल तर मी ती आधी चालवून बघते. कोणत्या पर्यायांनी बांधली गेली, ते ती सुरुवातीलाच छापते.

एमआयटीला मात्र कुणी भीत नाही, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त मोडला जातो तो हाच परवाना. त्याचं मागणं किती? कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत जावा, एवढंच. जावास्क्रिप्ट मिनिफाय करताना कॉमेंट उडतात आणि त्यांच्यासोबत त्या ओळीही. चूक कुणी मुद्दाम करत नाही; टूल करतं, आणि कुणी बघत नाही. ‘मोफतच तर आहे’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. पण २००८ साली अमेरिकेत जेकबसेन विरुद्ध कॅट्झर हा खटला गाजला. विषय खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरचा होता आणि लेखकांची नावं गाळल्याची तक्रार होती. अशा अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, नुसता कराराचा नव्हे, असं अपील कोर्टाने सांगितलं.

बहुतेक फोनच्या सेटिंग्जमध्ये कायदेशीर माहितीखाली ओपन सोर्स परवान्यांची लांबलचक यादी असते. तुम्ही स्वतः ॲप बनवत असाल तर तुमच्या ॲपमधली ती यादी आज उघडून बघा. नसेल, तर पुढच्या रिलीजआधी करा.