पहिली सायकल कशी निवडावी?

जून महिना उजाडला, कीं वह्यापुस्तकांच्या व छत्र्यांच्या खरेदीबरोबर पुष्कळ घरांतून आणखी एका खरेदीची चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी वरच्या वर्गांत गेलेली असते, शाळा दोनतीन किलोमीटरांवर असते, आणि "चांगले गुण मिळाले तर सायकल घेऊन देऊं," हें परीक्षेपूर्वीं दिलेलें वचन आतां पाळावयाचें असतें. पुण्यास एके काळीं सायकलींचें शहर म्हणत; आज तेथील व इतर गांवांतील रस्ते मोटारींनीं व मोटारसायकलींनीं भरून गेले आहेत. तथापि शाळकरी मुलाच्या हातीं येणारें पहिलें वाहन अद्यापि सायकलच होय. रस्त्यावरील गर्दी वाढली, म्हणूनच तें वाहन निवडतांना पूर्वीपेक्षां अधिक विचार करणें अवश्य झालें आहे. त्या विचारास थोडेंबहुत साहाय्य व्हावें, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची चाल आहे. सदरा दोन बोटें सैल झाला, तर फार तर सोबती हंसतील. पुढील वर्षीं तो बेताचा होईल, व शिलाईचे पैसे वांचतील. हाच न्याय पालक सायकलीस लावतात, आणि तेथेंच चूक होते. सैल सदरा अंगावर नुसता लोंबतो. मोठी सायकल मात्र अंगावर येते.

ही गोष्ट आम्ही स्वतःच्या अनुभवानें सांगत आहों. आम्ही पांचवींत असतांना वडिलांनीं आमच्यासाठीं मोठ्या माणसाची, २२ इंची फ्रेमची, काळी सायकल आणली. "आतां कॉलेजापर्यंत पाहावयास नको," असें ते समाधानानें म्हणाले. प्रथम आडव्या दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, अर्धें अर्धें पायडल मारीत आम्ही ती चालवीत असूं. पुढें धीर चेपला, आणि सीटवर डावीउजवीकडे सरकत, पायडलास कशीबशी बोटें लावून आम्ही हिंडूं लागलों. एके दिवशीं धाकट्या बहिणीस मागें कॅरिअरवर बसवून बाजारांतून येत असतां गल्लींतून एक हातगाडी अकस्मात् पुढें आली. ब्रेक दाबला, सायकल थांबलीहि. परंतु जमिनीस टेकावयास पाय पुरेना, आणि आम्ही दोघेंहि सायकलीसकट आडवीं झालों. आम्हांस खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. बहिणीच्या हनुवटीस मात्र टांके घालावे लागले, आणि तो व्रण इतक्या वर्षांनीं आजहि दिसतो. त्या दिवशीं वडील कोणासहि रागें भरले नाहींत. ते बराच वेळ त्या सायकलीकडे पाहत उभे राहिले.

तेव्हां, पहिल्या सायकलीची पहिली कसोटी ही, कीं ती थांबली असतां बसणाराचा पाय जमिनीस लागला पाहिजे. बाकीचा सर्व विचार याच्या मागून.

दुकानांत गेल्यावर "किती इंची पाहिजे?" असा प्रश्न प्रथम होतो. हे इंच चाकाचे असतात, माणसाच्या पायाचे नव्हेत, हें ध्यानांत ठेवावें. इ. स. १८७० नंतर इंग्लंडांत उंच चाकाच्या सायकली प्रचारांत होत्या. त्यांचीं पायडलें थेट पुढच्या चाकासच जोडलेलीं असल्यामुळें पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचाहि एकच फेरा होई. वेग हवा असेल, तर चाक मोठें हवें. आणि तें किती मोठें चालेल, हें बसणाराच्या पायाच्या लांबीवरून ठरे. म्हणजे त्या काळीं चाकाचें माप घेणें हें माणसाचेंच माप घेणें होतें. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यानें कॉव्हेंट्री येथें 'रोव्हर' नांवाची सायकल तयार केली. तींत साखळीच्या योगानें मागचें चाक फिरे. त्यामुळें बेताच्या चाकांनींहि वेग साधतां आला, आणि चाक व पाय यांचा जुना संबंध तुटला. तरी चाकाच्या इंचांवरून सायकल ओळखण्याची रीत आजहि चालूच आहे. स्थूल मानानें ११५ ते १३५ सेंटिमीटर उंचीच्या मुलास २० इंची, १३० ते १५० पर्यंत २४ इंची, व त्यापुढें २६ इंची चाकाची सायकल पाहण्यास हरकत नाहीं. परंतु हा केवळ अंदाज होय. चाकें सारखीं असूनहि दोन सायकलींच्या फ्रेमी लहानमोठ्या असूं शकतात. म्हणून खरें माप घरीं घ्यावें.

तें असें: मुलानें अनवाणी, पाठ भिंतीस लावून, पावलें थोडीं दूर ठेवून उभें राहावें. एक जाड पुठ्ठ्याचें पुस्तक दोन्ही पायांमध्यें घालून त्याची कड भिंतीस टेकवावी, व तें वर जाईल तितकें वर न्यावें. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर म्हणजे पायाची आंतील लांबी. हा आंकडा कागदावर लिहून दुकानांत न्यावा, व सोबत मोजपट्टीहि न्यावी. सायकलीच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून उभें राहिलें असतां आडवा दांडा अंगास लागतां कामा नये. त्याच्या व अंगाच्या मध्यें दोन बोटें तरी जागा उरावी. जो अद्याप शिकाऊ आहे, त्याची सीट पायाच्या लांबीपेक्षां उंच नसावी, म्हणजे बसल्या जागीं दोन्ही पाय टेकतील. तोल सांवरूं लागल्यावर सीट हळूहळू वर घ्यावी. पायडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच ठेवली, आणि पाय सरळ झाला, म्हणजे उंची बरोबर आली असें समजावें. प्रत्यक्ष चालवितांना पायडलावर टांच न ठेवतां चवडा ठेवावयाचा असतो. तेव्हां गुडघा आपोआप किंचित् वांकलेला राहतो. हातांचेंहि असेंच: हँडल धरलें असतां कोंपर थोडें वांकलेलें असावें; ओणवें होऊन तें गांठावें लागूं नये.

येथें पालक विचारतील, "मग दर वर्षीं नवी सायकल घ्यावयाची कीं काय?" तसें नाहीं. वाढीची तरतूद सायकलींतच केलेली असते. सीटखालचा दांडा नळींतून कित्येक सेंटिमीटर वर घेतां येतो. कित्येक सायकलींचें हँडलहि उंच करतां येतें. दुकानांतून घेतेवेळीं सीट जवळजवळ खालच्या टोकास असतां जी सायकल मुलास बरोबर होते, ती पुढील दोनतीन वर्षें सहज पुरते. मात्र त्या दांड्यावर मर्यादेची खूण कोरलेली असते. ती नळीच्या बाहेर दिसूं लागली, तर दांडा मोडण्याचें भय असतें. ती खूण दिसली, कीं मुलगा सायकलीस मोठा झाला, असें खुशाल समजावें.

मापाचा प्रश्न सुटल्यावर भागांकडे वळूं. सर्वांत आधीं ब्रेक पाहावे. मुलाच्या बोटांना ब्रेकची मूठ हँडल न सोडतां गांठतां आली पाहिजे. मोठ्यांच्या हातासाठीं केलेली मूठ लहान हातास पुरत नाहीं, आणि नेमक्या संकटाच्या क्षणीं हें कळून येतें. पुढचा व मागचा असे दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणें चाक थांबवितात कीं नाहीं, हें पाहावें. आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो, हेंहि विसरूं नये. चकचकीत मुलामा दिलेली पोलादाची रिम भिजली, कीं तीवर ब्रेकचे रबर घसरतात. ॲल्युमिनियमची रिम त्या मानानें चांगली. विद्यार्थ्यांनीं खिशांत एक लहानसें लोहचुंबक न्यावें: रिमेस तें चिकटलें, तर ती पोलादाची जाणावी. चाकाच्या मध्यभागीं चकती असलेले डिस्क ब्रेक पाण्याचिखलांत बरे चालतात. परंतु आपल्या गांवांतील कारागिरास ते जुळवितां येतात कीं नाहीं, याची चौकशी आधीं करावी.

टायरच्या बाजूवर उठावाचे आंकडे असतात. ते वाचण्यास शिकावें. "२६ इंची" टायर सारे एकच नव्हेत. २६ × १ ३/८ असें लिहिलेला टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमेवर बसतो, आणि २६ × १.९५ असें दशांशांत लिहिलेला ५५९ मिलिमीटरांच्या. नांव एक, आणि फरक ३१ मिलिमीटरांचा! म्हणून ३७-५९० किंवा ५०-५५९ अशा प्रकारचा जो जोडआंकडा टायरवर असतो, तो वहींत टिपून ठेवावा. त्यांतील पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा, व दुसरा रिमेच्या व्यासाचा असतो. नवा टायर आणतांना फेरा वांचेल.

आतां गिअर व स्प्रिंगा. मुलांचें मन बहुधा येथेंच गुंततें. पुढच्या चक्रास ४४ दांते व मागच्यास १८ असले, तर २६ इंची चाकाची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यांत सुमारें ५ मीटर जाते. मागें २२ दांते असले, तर सुमारें ४ मीटर. अंतर कमी, पण जोरहि कमी लागतो. गिअरचें सारें रहस्य एवढेंच आहे. ज्या गांवांत घाट व चढ आहेत, तेथें थोडे गिअर उपयोगी. सपाट रस्त्यावर एक साधा गिअर पुरतो, व तो बिघडतहि कमी. स्वस्त सायकलीस बसविलेल्या जाड स्प्रिंगा धक्के थोडे शोषतात, पण वजन पुष्कळ वाढवितात. ३५ किलो वजनाच्या मुलास १७ किलोंची सायकल देणें, म्हणजे ७० किलोंच्या वडिलांस ३४ किलोंची सायकल चढावर ढकलावयास लावणें होय. पालकांनीं दुकानांत सायकल एकदां स्वतः उचलून पाहावी, आणि मग हें त्रैराशिक मनांत करावें.

स्प्रिंगांचे पैसे वांचले, तर ते पुढील गोष्टींवर खर्चावे: साखळीवरील झांकण, म्हणजे विजारीची किंवा ओढणीची टोंकें त्यांत सांपडणार नाहींत, मडगार्ड, दप्तर बांधण्यास कॅरिअर, घंटी, पुढें दिवा व मागें तांबडा दिवा, आणि डोक्यास बरोबर बसणारें शिरस्त्राण. बुटक्या मुलांनीं आडवा दांडा खालीं वांकविलेली सायकल "मुलींची" म्हणून नाकारूं नये. जिच्यावर चढतां उतरतां येतें, ती आपली.

शेवटीं, पैसे देण्यापूर्वीं चाक उचलून फिरवावें. तें ब्रेकच्या रबरांमधून न डुलतां सरळ फिरलें, तर त्यास आउट नाहीं. हँडल व सीट घट्ट आहेत, हें पाहावें. नव्या सायकलीच्या तारा व बोल्ट पहिल्या महिन्यांत थोडे सैल पडतात, म्हणून ती पुनः एकदां कारागिरास दाखवावी. जुनी सायकल घेण्यांतहि कमीपणा नाहीं; मात्र फ्रेमीस कोठें चीर किंवा पुनः केलेला जोड नसावा.

आमच्या त्या काळ्या सायकलीचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलेंच. वडिलांनीं ती विकली, आणि त्या पैशांतून कोणाची तरी जुनी, रंग उडालेली, २० इंची चाकाची सायकल आणली. ती पाहून आम्हांस प्रथम रडूं आलें. परंतु सीटवर बसलों, आणि दोन्ही पाय जमिनीस टेकले! त्याच सायकलीवर आम्ही खरोखर सायकल शिकलों, आणि दोन वर्षांनीं तिच्यावरच, आमच्या हाताखालीं, बहीणहि शिकली.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, सोबत्याची सायकल आपल्यापेक्षां उंच असली, तर खुशाल असूं द्या. आणि पालकहो, सदरा वाढत्या अंगाचा शिवा. सायकल मात्र आजच्या अंगाची घ्या.