पाच वर्षांचे घड्याळ आणि लाल सदरा

डिसेंबर २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झिएल याला हाइझमन करंडक मिळाला. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये यापेक्षा मोठा वैयक्तिक मान नाही. ‘फ्रेशमन’, म्हणजे प्रथम वर्षाच्या खेळाडूने हा करंडक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. वस्तुतः मॅन्झिएल विद्यापीठात दाखल झाला होता २०११ मध्ये. पुरस्कार घेताना त्याचे दुसरे वर्ष सुरू होते. मग तो प्रथम वर्षाचा कसा? याचे उत्तर एका शब्दात आहे : रेडशर्ट. मॅन्झिएल हा ‘रेडशर्ट फ्रेशमन’ होता. अभ्यासात तो एक वर्ष पुढे गेला होता, परंतु खेळाच्या हिशेबात त्याचे पहिलेच वर्ष चालू होते.

अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचे नियमन मुख्यतः ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ अर्थात एनसीएए ही संस्था करते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने विद्यापीठांची तीन श्रेणींत विभागणी केली आहे. प्रथम श्रेणीत पात्रतेचे रूढ सूत्र वरकरणी सोपे आहे : पाच वर्षांत चार हंगाम. विद्यार्थ्याने कोणत्याही महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतला, की त्या दिवसापासून पाच वर्षांचे घड्याळ सुरू होते. या अवधीत त्याला आपल्या खेळाचे चार हंगाम खेळता येतात. पाचांतून चार वजा केल्यावर जे एक वर्ष उरते, त्यातच रेडशर्टचा जन्म आहे.

संघात आहे, पण मैदानात नाही

रेडशर्ट खेळाडू सर्वार्थाने संघात असतो. तो रोज सराव करतो, व्यायामशाळेत घाम गाळतो, शिष्यवृत्ती घेतो आणि वर्गातही बसतो. फक्त प्रत्यक्ष सामन्यात तो उतरत नाही. सामना खेळला नाही म्हणून त्याचा हंगाम खर्ची पडत नाही. घड्याळातील एक वर्ष मात्र सरते. अठरा वर्षांचा मुलगा बावीस वर्षांच्या धिप्पाड खेळाडूंसमोर उभा करण्यापेक्षा त्याला वर्षभर पोसावे, घडवावे आणि मग चार हंगाम वापरावे, असा प्रशिक्षकाचा विचार असतो. अगोदरच उत्तम खेळाडू असलेल्या जागेवर नवोदिताचा हंगाम वाया घालवू नये, हेही त्यामागचे एक कारण.

हे नाव कसे पडले, याची सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत नेब्रास्का विद्यापीठातील आहे. १९३७ मध्ये वॉरन अल्फसन या खेळाडूने त्या वर्षी सामने न खेळता केवळ सराव करण्याची परवानगी मागितली. सरावात त्याने क्रमांक नसलेला लाल सदरा घातला आणि त्या सदऱ्यावरूनच पुढे प्रथेचे नाव रूढ झाले, असे मानले जाते.

त्या काळी नवोदितांना मुख्य संघाची दारे तशीही बंदच असत. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण बास्केटबॉलमधले. १९६५ मध्ये ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे जगाला करीम अब्दुल-जब्बार या नावाने ठाऊक झालेला खेळाडू, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत दाखल झाला. नियमानुसार त्याला पहिले वर्ष नवोदितांच्या संघातच काढावे लागले. त्या संघाने सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाला सराव सामन्यात ७५-६० असे हरवले. देशातला बहुधा सर्वोत्तम संघ स्पर्धेबाहेर बसून होता! फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये नवोदितांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा १९७२ मध्ये मिळाली. त्यानंतर पहिले वर्ष बाहेर बसणे ही सक्ती राहिली नाही. तो डावपेचाचा भाग झाला.

रेडशर्टचे प्रकार

वर वर्णिलेला प्रकार सर्वसामान्य. दुसरा प्रकार वैद्यकीय. हंगामाच्या पूर्वार्धात खेळाडूला अशी दुखापत झाली, की उरलेला हंगाम खेळणे अशक्य व्हावे, आणि तोवर त्याने साधारण ३० टक्क्यांहून अधिक सामने खेळलेले नसतील, तर तो हंगाम त्याला परत मिळू शकतो. त्यासाठी कागदोपत्री वैद्यकीय पुरावा लागतो. मात्र हंगाम परत मिळाला म्हणजे वर्ष परत मिळाले असे नव्हे. घड्याळ चालूच राहते. सहावे वर्ष हवे असेल तर स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि स्वतःच्या हाताबाहेरच्या कारणांनी दोन हंगाम हुकले हे दाखवावे लागते.

तिसरा प्रकार शैक्षणिक. प्रवेशाच्या वेळी शालेय गुण किमान अटीपेक्षा थोडे कमी पडले, तर विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती व सराव मिळतो, परंतु पहिल्या वर्षी सामने खेळता येत नाहीत. याखेरीज ‘ग्रेशर्ट’ नावाची एक युक्ती आहे. तीत खेळाडू पूर्णवेळ प्रवेशच काही महिने लांबवतो. प्रवेश नाही, म्हणून घड्याळही सुरू होत नाही.

घड्याळ थांबवणारे मोजके अपवाद आहेत. लष्करी सेवा, चर्चचे अधिकृत धर्मप्रचारकार्य आणि गर्भारपण हे त्यांतले प्रमुख. मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील अनेक खेळाडू म्हणूनच दोन वर्षांच्या धर्मकार्यानंतर, वयाने मोठे होऊन मैदानात उतरतात.

चार सामन्यांची सवलत

पूर्वी फुटबॉलमध्ये एका खेळीसाठी जरी मैदानात पाऊल ठेवले तरी अख्खा हंगाम खर्ची पडे. एखादा जायबंदी झाला म्हणून शेवटच्या सामन्यात उतरवलेल्या मुलाचे वर्ष त्यामुळे दहा मिनिटांसाठी जाई. २०१८ मध्ये हा नियम शिथिल झाला आणि चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट कायम राहू लागला.

ही सवलत नवोदितांसाठी होती, परंतु तिचा पहिला गाजलेला वापर एका ज्येष्ठ खेळाडूने केला. क्लेम्सन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याची जागा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवोदित ट्रेव्हर लॉरेन्सला देण्यात आली. ब्रायंटचे चार सामने झाले होते. पाचवा खेळला असता तर त्याचा अखेरचा हंगाम संपला असता. त्याने संघ सोडला, रेडशर्ट वाचवला आणि पुढचा हंगाम मिसुरी विद्यापीठाकडून खेळला. क्लेम्सन त्या मोसमात राष्ट्रीय विजेता ठरला. कुणाला ही संघाशी प्रतारणा वाटली, तर कुणाला हक्काचा रास्त वापर. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रशिक्षकाच्या हातातले हत्यार आता खेळाडूच्याही हाती आले होते.

पैसा आला, हिशेब बदलला

कोविडच्या साथीमुळे एनसीएएने २०२० मध्ये खेळाडूंना एक वाढीव वर्ष दिले. दुखापती, रेडशर्ट आणि हे वर्ष यांची बेरीज होऊन २०१६ मध्ये ओरेगन विद्यापीठात दाखल झालेला कॅम मॅककॉर्मिक २०२४ मध्ये मायामी विद्यापीठाकडून आपला नववा हंगाम खेळला.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा व्यावसायिक मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाही खेळाडूंना थेट पैसे देण्याचा मार्ग मोकळा झाला. एक हंगाम म्हणजे आता केवळ हौस किंवा मान राहिला नाही. तो उत्पन्नाचा प्रश्न झाला. साहजिकच पात्रतेचे वाद न्यायालयात पोहोचले. कनिष्ठ महाविद्यालयात खेळलेले हंगाम मोजू नयेत, हा व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया याचा युक्तिवाद डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने प्राथमिक टप्प्यावर उचलून धरला आणि त्याला आणखी एक हंगाम मिळाला. पाच वर्षे दिलीच आहेत तर पाचही हंगाम खेळू द्या, ही मागणी त्यानंतर अधिक जोरकस झाली. ती मान्य होईल त्या दिवशी रेडशर्टचे प्रयोजनच संपेल, कारण वाचवायला हंगामच उरणार नाही.

दुसरीकडे, याच तडजोडीमुळे संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५ आहे. जागा मोजक्या झाल्या की वर्षभर न खेळणाऱ्या मुलाला संघात ठेवणे विद्यापीठालाही महाग पडते.

आपल्या मुलांसाठी

हा सारा विषय आपल्याला परका वाटेल, पण तो तसा नाही. टेनिसमध्ये सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ व २००८ असे सलग दोनदा एनसीएएचे एकेरी विजेतेपद मिळवले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकणारी आपली ऋतुजा भोसले मॅन्झिएलच्याच टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळलेली आहे.

आपल्याकडच्या पालकांची चूक होते ती बहुधा बारावीनंतर. ‘एक वर्ष स्पर्धा खेळू, क्रमवारी सुधारू, मग अमेरिकेला जाऊ’ असा विचार स्वाभाविक वाटतो. परंतु शालेय शिक्षण संपल्यावर ठरावीक मुदतीत प्रवेश घेतला नाही आणि संघटित स्पर्धा खेळणे चालू ठेवले, तर प्रत्येक वर्षामागे एक हंगाम कापला जाऊ शकतो. टेनिसमध्ये ही मुदत इतर बहुतेक खेळांपेक्षा आखूड, सहा महिन्यांची ठेवण्यात आली. तसेच भारतातील महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेऊन ठेवला, तर पाच वर्षांचे घड्याळ येथेच टिकटिक करू लागते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मोबदल्याचे करारही सहजासहजी करता येत नाहीत, कारण व्हिसाच्या अटी कमाईवर बंधने घालतात.

म्हणून बारावीचा निकाल लागण्याआधीच एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी आणि ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचा नियम लेखी तपासावा. प्रशिक्षकाने रेडशर्टची सूचना केली, तर तीन प्रश्न विचारावेत. शिष्यवृत्ती पाचव्या वर्षीही मिळणार का? तोवर पदवी पूर्ण झाली असल्यास पुढे कोणता अभ्यासक्रम? आणि हा निर्णय माझ्या तयारीसाठी आहे, की संघातील गर्दीसाठी? लाल सदऱ्याचे ते वर्ष कुणाला घडवते, कुणाला नुसतेच बसवून ठेवते. यातले आपल्या वाट्याला काय येणार, हे सदरा अंगावर चढवण्यापूर्वी विचारलेले बरे.