समुद्र पाहायला निघण्यापूर्वी

गोंदियाच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नाही. नवेगावबांध, बोदलकसा अशा तलावांतच आपला जिल्हा वाढला. तरीही सत्तरी ओलांडलेले रुग्ण तपासून झाल्यावर हळूच म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, समुद्र तेवढा पाहायचा राहिला.’ ही इच्छा मी सहसा मोडत नाही.

गेल्या वर्षी असेच एक निवृत्त गुरुजी मुलासोबत रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला गेले. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. गाव लहान, उतरायचे ते गावकऱ्यांच्याच घरी. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून मुंबई, पुढे मंडणगडमार्गे वळणावळणाचा रस्ता. गुरुजी परतले ते तळपायांना मोठे फोड घेऊन. भर दुपारी ते वाळूत अनवाणी फिरले होते. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली. चटका बसला तो कळलाच नाही. जखम भरायला दोन महिने लागले.

आपल्या घरातील मधुमेही ज्येष्ठांना म्हणूनच वाळूत बंद, मऊ पादत्राणे घालू द्या आणि रात्री त्यांचे तळवे स्वतः पाहा. त्यांना दिसत नाहीत, वाकवतही नाही.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्याकडे ऊन कोरडे. घाम चटकन वाळतो आणि अंग निवते. किनाऱ्यावर पारा आपल्यापेक्षा कमी असला तरी दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उठताना भोवळ येऊन पडण्याचा धोका वाढतो. गोळी मनाने बंद करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन आपण ओल्या मडक्यात ठेवतो, पण दमट हवेत मडके फारसे गार होत नाही. यजमानांकडे फ्रिज आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. मात्र बर्फाच्या कप्प्यात ते ठेवू नये. सुकट, खारा बांगडा चवीला उत्तम, पण हृदयविकार असलेल्यांनी त्यातील मिठाचा विचार करावा. (मला स्वतःला हा मोह आवरत नाही, हे कबूल करतो.)

शांत गावात औषधाचे दुकान हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. चार दिवस जास्तीच्या गोळ्या आणि औषधांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असू द्या, सामानाच्या बॅगेत नको. गाडीत दर दोन तासांनी चार पावले चालवा.

गुरुजी यंदा पुन्हा निघाले आहेत. काल बूट दाखवायला आले होते.