चौदा ट्रक आणि चार उपग्रह

ट्रकच्या धंद्यातल्या माणसाला दिवसातून सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न ऐकावा लागतो, असे कोणी विचारले तर मी झोपेतही उत्तर देईन : "गाडी कुठे पोचली?" अंबडचा कारखानदार तो विचारतो, पिंपळगावचा कांदा-व्यापारी विचारतो आणि रात्री उशिरा ड्रायव्हरच्या घरची माणसेही विचारतात. आमच्या चौदा गाड्या. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईला आणि न्हावाशेवा बंदराला जायचे, किंवा उलट धुळ्यावरून इंदूरकडे, हा त्यांचा रोजचा रस्ता. पूर्वी "घोटी सोडली असेल बघा" एवढ्यावर भागत असे. आता अंदाजावर कोणी गप्प बसत नाही. तेव्हा गाड्यांना जीपीएस बसवायचे ठरले, आणि ही बातमी कशी कोण जाणे, पण बाहेर फुटली. आठवड्याभरात आडगावच्या आमच्या खोलीत विक्रेत्यांची रीघ लागली.

त्यांतला प्रत्येक जण सांगे, "तुमची गाडी थेट उपग्रहाशी बोलते, शेठ!" वाचकहो, गाडी उपग्रहाशी अवाक्षर बोलत नाही, ती नुसती ऐकते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह वेळेचे संकेत पाठवीत असतात. त्यांपैकी निदान चारांचे संकेत मिळाले, की आपण कुठे आहोत हे डबीला कळते. पण ते आपल्याला कळवायचे काम उपग्रहाचे नव्हे, डबीतल्या मोबाईलच्या सिमकार्डाचे. घाटात जिथे तुमच्या-माझ्या फोनची रेंज जाते, तिथे डबीही मुकी होते. म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच केला : रेंज गेली तर मधला हिशेब डबी साठवून ठेवते, की विसरून जाते? दोघांनी साठवते म्हणून सांगितले. तिसऱ्याने विषय बदलून चहा मागवला. चहा अर्थात आमच्याच खात्यावर.

उपग्रह परक्यांचे, ही गोष्टही लहान नाही. १ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य माणसासाठी हे संकेत मुद्दाम बिघडवून देत असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. तेवढ्या फरकात गाडी महामार्गावर आहे की शेजारच्या ढाब्यावर, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते! पुढे आपल्या इस्रोने २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडायला सुरुवात केली. त्या व्यवस्थेचे नाव नाविक. प्रवासी वाहनांसाठी सरकारने ठरवलेल्या यंत्रांना नाविकचे संकेतही ऐकता यावे लागतात. आम्ही मालवाले, पण दोन्ही ऐकणारी डबीच घ्यायची, हे मी तिथेच ठरवले.

मग तीन गाड्यांना तीन विक्रेत्यांच्या डब्या महिनाभर लावून पाहिल्या. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा हा महिना फार शिकवून गेला. एका नकाशावर आमचा ट्रक कसाऱ्याची वळणे सोडून सरळ दरीवरून उडत चाललेला दिसे. कारण साधे होते : ती डबी दोन मिनिटांतून एकदा जागा कळवी. ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी तेवढ्यात एक किलोमीटर पुढे जाते आणि यंत्र दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढून मोकळे होते. किलोमीटरचा हिशेब त्यामुळे कमी भरतो. दुसरी डबी खड्ड्यात चाक आदळले तरी "अपघात" म्हणून मोबाईल वाजवी. रात्री तीनदा उठून बसल्यावर माणूस खऱ्या अपघाताची सूचनाही बंद करून झोपेल, ही भीती मला वाटली. नुसती गाडी कुठवर आली एवढेच हवे असेल, तर घोटी आणि पडघ्याच्या टोलनाक्यांवर फास्टॅगचे पैसे कापल्याचे संदेश येतात, ते काय वाईट आहेत?

एका विक्रेत्याला आपल्या यंत्राचा मोठा अभिमान. मोबाईलवर बोट दाबले की चालत्या गाडीचे इंजिन बंद! चोर जागच्या जागी सापडलाच म्हणून समजा. मी त्याला विचारले, भरलेली गाडी घाट उतरत असताना इंजिन बंद पडले, तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. मग चोर सापडेल तो कुठे, दरीत? आणि समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांनी काय करायचे? उभी गाडी पुन्हा सुरू होऊ न देणे एवढाच ताबा यंत्राकडे असावा, त्याहून जास्त नको.

खरा पेच निघाला तो डिझेलवरून. आमच्या धंद्यात जुना रिवाज असा, की ट्रिपला ठरावीक लिटर द्यायचे आणि वाचेल ते ड्रायव्हरचे. मग उतार लागला की गाडी न्यूट्रल होते. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला आवरून धरीत नाही. सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरीनासे होतात. तिसऱ्या यंत्रात इंजिनाचे फेरे आणि वेग शेजारी शेजारी दिसत. वेग ताशी पन्नास आणि इंजिन मात्र उभ्या गाडीसारखे मंद! आमचे एक वडीलधारे ड्रायव्हर हे पाहून शांतपणे म्हणाले, "शेठ, डिझेल वाचवा म्हणून तुम्हीच सांगता ना?"

मी म्हणालो, "काका, या नव्या इंजिनांत न्यूट्रलने वाचतच नाही." गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, की उताराला डिझेल येणेच थांबते; चाके इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळत राहते. काकांनी मान डोलावली नाही. त्यांनी दोन फेऱ्या दोन तऱ्हांनी केल्या, टाकी दोन्ही वेळा काठोकाठ भरून आपल्या डोळ्यांनी लिटर मोजले, आणि मगच इतरांना सांगितले.

तिसरेच यंत्र घेतले. महागात महाग तेच होते. लिटरचा रिवाज मोडून फेरीमागे रोख भत्ता वाढवला आणि डिझेल पंपावर आमच्या खात्यातून भरणे सुरू केले. जो नकाशा मी पाहतो तोच ड्रायव्हरच्या मोबाईलवरही दिसतो. त्यांच्या घरचीही तो पाहतात, त्यामुळे रात्रीचे फोन पुष्कळ कमी झाले. कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतो आहे. रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा सर्वांना हवा आहे, कारण टक्कर झाली की दोष ट्रकवाल्याच्या माथी मारला जातो. केबिनमध्ये, तोंडासमोर, नको. "तिथे आम्ही जेवतो, झोपतो," काका म्हणाले. चार गाड्यांना बाहेरचे कॅमेरे लागले आहेत. उरलेल्या दहांना दिवाळीनंतर लावायचे आहेत.